क्लच नसलेला ट्रक

वायरीचे तुकडे मला फेकवत नाहीत. कुठेतरी जोडायला कामी येतील म्हणून खोक्यात टाकतो, आणि खोकं कधी भरलं ते कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. प्रकाशा गावाच्या रस्त्यावर माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "आप्पा, तो शेठच्या ट्रकचा सांग ना." मी हळू बोलतो. माझं अर्धं होईपर्यंत दुसराच कुणी शेवट सांगून मोकळा होतो. म्हणून हे लिहून ठेवलं.

* * *

हिरामणभाऊ ब्राह्मणपुरीचा. मिरचीच्या शेठकडे त्याची सगळी ड्रायव्हरकी गेली. डावा गुडघा कामातून गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता क्लच दाबायचा नाही. आमच्याकडचे बहुतेक ट्रक क्लचचे, म्हणजे ड्रायव्हरकीच संपली. त्याच सुमारास शेठनी हा ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक घेतला. डिझेल कमी खातो म्हणून घेतला, असं ते सगळ्यांना सांगत.

पण पायाला कोण समजावणार? म्हशीचा गोठा बदलला तरी ती जुन्या खुंट्याकडेच वळते. हिरामणचा डावा पाय दर गिअरला क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. शेवटी त्याने पाय सरळ मांडीखाली घेतला.

शेठनी ते पाहिलं. म्हणाले, "गाडी चालावस का जेवाले बसेल शे?"

* * *

पहिला बिघाड लवकरच आला. ट्रक मध्येच एका गिअरवर अडकायचा आणि बैलगाडीसारखा चालायचा. थोड्या वेळाने आपोआप नीट. हिरामणने तो तसाच चालवत माझ्या दुकानी आणला. त्याला त्याची काळजी नव्हती.

"देव सांगी ऱ्हायना, आप्पा. धीरे चाल."

मी डॅशबोर्डवरच्या देवाकडे पाहिलं. भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ होती. माळेची वायर धरून मागे मागे गेलो, तर ती आपोआप गिअर बदलणाऱ्या डबीकडे जाणाऱ्या वायरीलाच पिळून जोडलेली. हाताशी आली ती वायर त्याने सोलली होती. दिवे लागले की डबीला करंट कमी पडायचा, आणि ती घाबरून गिअर बदलणंच सोडून द्यायची.

मी म्हणालो, "देवले येगळी वायर दे, भाऊ. मंग तो काही सांगाव नही."

शेठही सोबत आलेले, खुर्चीत बसून होते. पांढरेशुभ्र कपडे, खुर्चीवर आधी रुमाल अंथरलेला. ते म्हणाले, "इकी टाका हाऊ डबा!" पुढे प्रत्येक बिघाडाला ते हेच म्हणत आले, विकून टाका.

* * *

मग उंदीर. शेंगदाण्याची खेप नेल्यावर दोन उंदीर ट्रकमध्येच राहिले आणि त्यांनी गिअरबॉक्सची वायर कुरतडली. मी जोडून दिली. उंदीर परत येऊ नयेत म्हणून हिरामणने वायरीच्या पाइपात मिरचीची पूड ठासली, आणि मला सांगायचं विसरला.

पुढच्या वेळी पाइप उघडला नि फुंकर मारली. मी, हिरामण, शेजारचा पंक्चरवाला, सगळे शिंकून शिंकून बेजार. डोळ्यांना धारा. शेठ मात्र खुर्चीतून उठले, चिमूटभर पूड घेऊन नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे हिरामण, उंदीरले पहिला नंबरनी मिरची? फटकी नव्हती का घरमा?"

फटकी म्हणजे रंग उडालेली, हलकी मिरची.

* * *

मध्ये काही दिवस ट्रक सपाटीवर वाऱ्यासारखा धावायचा, पण चरणमाळ घाटात हमखास अडकायचा. गिअरबॉक्सचा मिस्त्री म्हणाला वायरिंग, मी म्हणालो गिअरबॉक्स. हे आमचं ठरलेलंच असतं. मग मी चाकांना दगड लावले, हिरामणला ब्रेक दाबून रेस द्यायला सांगितली आणि खाली निजून बघत राहिलो. जोर आला की इंजिन एका अंगाला कलायचं, त्याची अर्थिंगची वायर ढिल्या नटावर ताणली जायची आणि डबीचा करंट तुटायचा.

शेठ त्या दिवशी खुर्ची जवळ ओढून बसले होते. तिथल्या एका मोठ्या प्लगकडे बोट करून म्हणाले, "आनि हाऊ निंघी गया ते काय व्हई?"

मी टिचकी दाबून तो काढून दाखवला. "गाडी एकच गिअरमा ऱ्हाई, शेठ. बाकी काही नुकसान नही."

शेठनी मान हलवली नि चहा मागवला.

मी नट आवळला तसा हिरामण वरून म्हणाला, "मन्हा गुडघासारखंच शे, आप्पा. सपाटले चांगलं, चढले दुखस."

* * *

बापाचं "इकी टाका, इकी टाका" ऐकून ऐकून धाकट्या शेठनी ते खरंच मनावर घेतलं. सुरतेकडचं गिऱ्हाईक ठरवलं. हिरामण माझ्याकडे येऊन बसला. जाताना म्हणाला, "बकऱ्या लेसू आते." म्हणजे आता बकऱ्या घेऊन राखणार. ट्रक मात्र त्याने सासरी निघालेल्या नवरीसारखा धुऊनपुसून सजवला आणि रात्री शेठच्या वाड्यात उभा करून एसटीने घरी गेला.

सकाळी गिऱ्हाईक आलं. हिरामणनेच चालवून दाखवला. ट्रक पहिला गिअर सोडेना. पुलापर्यंत जाऊन गिऱ्हाईक उतरलं आणि आपल्या मोटारीतून निघून गेलं.

ट्रक रांगत माझ्या दुकानी आला. मागून मोटारीतून शेठ बापलेक. मी खाली शिरलो. तो मोठा प्लग टिचकी दाबून नीट काढलेला होता, आणि वायर खराब होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी हिरामणकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले, हात धुतल्यासारखे स्वच्छ, आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

प्लग बसवून बाहेर आलो. धाकट्या शेठनी विचारलं, काय सापडलं?

मी हात पुसत राहिलो. मला बोलायला वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

शेठ रुमाल न अंथरताच खुर्चीत बसले होते. पांढऱ्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ग्रीसने काळी झालेली. माझी नजर गेली तशी त्यांनी ती मागे घेतली.

"मी कवळपासून सांगी ऱ्हायनू, इकी टाका, इकी टाका," ते पोरावर ओरडले. "आते लेई कोन?"