सहा की नऊ

वायरमन व्हायचं म्हणून मी साताऱ्याला आलो आणि वेल्डर झालो. यात कुणी फसवलं नाही. आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवशी रांगेत माझी पाळी आली तेव्हा टेबलामागच्या क्लार्कनं वायरमनच्या जागा भरल्याचं सांगितलं. वेल्डरची एक शिल्लक आहे, लिहू का, असं त्यानं विचारलं. वेल्डर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण मागे मोठी रांग होती आणि खिडकीच्या गजांतून वडील माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय गावलं?"

"वेल्डर."

"म्हंजी काय असतं त्ये?"

मला माहीत नाही म्हणून सांगितलं. वडील पलटणीत हवालदार होते, पेन्शनीवर येऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "सरकारनं ठिवलंय म्हंजी कायतरी कामाचंच असंल." तेवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. सत्तरचं दशक निम्म्यावर आलं होतं. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात नुकते विजेचे खांब उभे राहिले होते आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनला गावात पाटलाच्या खालोखाल मान होता. मला तेच व्हायचं होतं. एस.टी.तून परत जाताना मी खिडकीतून खांबच मोजत होतो.

वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी सरांनी आम्हा पोरांना एकेक हातात धरायची ढाल दिली. तिच्यात डोळ्यांसमोर काळी काच होती. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात रॉडचा चिमटा. रॉड लोखंडाला घासला की ठिणगी पेटते, ती पेटती ठेवून रॉड हळूहळू पुढं न्यायचा. सर म्हणाले, "उजेडाकडं बघू नका. उजेडाच्या मागं लोखंडाचं पाणी झालेलं दिसेल, त्याच्याकडं बघा. ते पाणी चालवता आलं की वेल्डर झालात."

मी ढाल डोळ्यांसमोर धरली. मिट्ट काळोख. ठिणगी पेटली तेव्हा त्या काळोखात एक हिरवा ठिपका दिसला, बाकी काही नाही. लोखंड नाही, पाणी नाही, माझा हातही नाही. रॉड पट्टीला चिकटून बसला. उपटून काढला, परत लावला, परत चिकटला. आजूबाजूची पोरं मात्र "दिसतंय सर" म्हणत होती. मीही म्हणालो, "दिसतंय सर."

महिनाभर मी तेच म्हणत राहिलो. कधी पट्टीला मोठं भोक पडायचं, कधी रॉडचे गोळे नुसते वर बसायचे आणि हातोडीनं ठोकले की खपल्या निघाव्यात तसे निघून यायचे. एखाद्या दिवशी मात्र सरळ, खवल्यांसारखी सुबक रेघ उमटायची आणि सर शाबास म्हणायचे. ती कशी उमटली ते मला सांगता आलं नसतं. वाईट कामाचं कारण कळत नव्हतं आणि चांगल्याचंही कळत नव्हतं.

माझा हजेरी नंबर सहा. नऊ नंबरचा मुलगा म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आम्ही दोघं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला एका खोलीत राहायचो. माझा डबा गावाकडून एस.टी.नं यायचा, तो आम्ही दोघांत खायचो. तो फार बोलत नसे. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तुला ते पाणी खरंच दिसतं का. तो म्हणाला, "दिसतंय की." मग दोष माझ्याच डोळ्यांत आहे असं धरून चाललो.

शेवटी एक दिवस मी वेडेपणा केला. काचेतून दिसत नसेल तर काचेशिवाय दिसेल, असा विचार करून सर पलीकडं गेल्यावर ढाल बाजूला केली आणि पेटत्या ठिणगीकडं सरळ बघितलं. पाणी दिसलं नाहीच. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखं व्हायला लागलं. पापणी उघडेना, पाण्याच्या धारा लागल्या. आपण आंधळे झालो अशी माझी खात्री झाली. खोलीतल्या त्या नऊ नंबरच्या मित्रानं बटाटा कापून चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि वर धोतराची पट्टी बांधली.

दुसरा दिवस रविवार होता आणि नेमके त्या दिवशी वडील आले. मी त्यांना बघू शकत नव्हतो. त्यांच्या बुटांचा आवाज दारात थांबला. मित्रानं त्यांना घाईघाईनं सांगितलं, "आवं, काय न्हाई, उद्या बरं व्हतंय. समद्यांस्नी एकदा व्हतं ह्ये." वडील माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सोडायचं का?" मला हो म्हणायचं होतं आणि नाहीही म्हणायचं होतं. मी डोळ्यांवरची पट्टी चाचपत राहिलो. वडिलांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला असावा, कारण दुपारच्या गाडीनं ते परत गेले.

ते गेल्यावर मित्रानं चकत्या बदलल्या. बदलता बदलता म्हणाला, "मलाबी दिसत न्हाई."

"मग तुझं काम कसं नीट होतं?"

"आवाजावर. कालवणाला फोडणी बसल्यावनी एकसारखा चुर्र आवाज आला की समजायचं बरुबर चाललंय. फटफट वाजलं की रॉड लांब गेला. आवाज दबला की चिकाटणार."

डोळे बांधलेल्या माणसाला ते लगेच पटलं. सोमवारी नाही, पण बुधवारी मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि कानानं काम करू लागलो. रॉड चिकटणं बंद झालं. पण मनातून मला आपण लबाडी करतो आहोत असंच वाटत होतं. सर सांगत होते बघा, आणि आम्ही दोघं ऐकत होतो.

वर्ष संपत आलं तेव्हा सांगलीकडच्या एका साखर कारखान्यानं शिकाऊ म्हणून एक मुलगा मागितला. सरांनी परीक्षा घेतली. दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, त्यावर आपला नंबर ठोकायचा आणि ठेवून जायचं. नंतर सर ती जोडलेली पट्टी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून घणानं वाकवणार. जोड टिकला तर पास.

नंबर ठोकायच्या पंचांच्या, म्हणजे लोखंडी ठशांच्या, डबीत सहाला आणि नऊला मिळून एकच पंच होता. उलटा धरला की सहाचा नऊ होई. ओळखता यावं म्हणून आकड्याच्या खाली एक टिंब ठोकायची पद्धत होती. त्या दिवशी पंच मी आधी वापरला आणि मित्राच्या हातात दिला. टिंब मी ठोकलं नाही. त्यानंही ठोकलं नाही. का, हे दोघांनाही कधी सांगता आलं नाही.

दुपारी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं, बाकी सगळ्यांचे जोड तुटले होते. टेबलावर दोन पट्ट्या होत्या. एक घोड्याच्या नालासारखी वाकली होती आणि जोडावर केसाएवढीही चीर नव्हती. दुसरी जोडातच उकलून तिचे दोन तुकडे झाले होते. दोन्हींवर तोच आकडा. इकडून वाचला तर सहा, तिकडून वाचला तर नऊ.

"चांगली कुणाची?" सरांनी विचारलं.

मी वाकलेली पट्टी हातात घेतली, फिरवून बघितली. ती माझीही वाटत होती आणि त्याचीही. आम्ही एकाच आवाजावर शिकलो होतो, आमच्या रेघा सारख्याच येत. तुटलेली हातात घेतली, तीही माझीच वाटली.

"ह्याची हाय सर," मित्र माझ्याकडं बोट करून म्हणाला.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला आधी आनंद झाला, मग लाज वाटली, मग कशाची लाज वाटते आहे तेच कळेना. नळावर हात धुताना मी त्याला विचारलं, "तू कशावरून ओळखलीस?"

"म्या कुठं ओळखली? तू बोलंनास म्हणून बोललो."

"मग स्वतःची म्हणायची होतीस."

तो साबण हातावर चोळत राहिला. म्हणाला, "खात्री नसताना आपली कशी म्हणायची रं? दुसऱ्याची म्हणाय काय जातंय."

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी सरांकडं गेलो आणि ती पट्टी माझी आहे की नाही हे मला माहीत नाही, असं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि वर्षभर काम करून स्वतःचा जोड ओळखता येत नाही का, एवढंच विचारलं. नाही, म्हणालो. सोमवारी दोघांनी त्यांच्यासमोर पुन्हा जोड करायचा असं ठरलं.

मित्र रविवारी गावी गेला आणि सोमवारी आला नाही. मी एकट्यानं जोड केला. सरांनी वाकवला. एका कडेला बारीकशी चीर गेली, पण तुटला नाही. सर मंगळवारपर्यंत थांबले आणि मग कारखान्याला माझं नाव कळवलं. मित्र बुधवारी उगवला. वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले, बिऱ्हाड पोचवायला माणूस नव्हतं, असं म्हणाला. मी त्याला निकाल सांगितला. "बरं झालं," तो म्हणाला, आणि डबा आलाय का म्हणून विचारलं. तो खरंच अडकला होता की मुद्दाम राहिला होता, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

सांगलीकडं गेल्यावर सात-आठ महिन्यांनी, गळीत चालू असताना, ऊस वर नेणाऱ्या साखळीपट्ट्याची तुटलेली कडी जोडत होतो. काचेमागं नेहमीचा हिरवा ठिपका होता. आणि काही कारण नसताना त्याच्याखाली लालसर, थरथरणारा, शेंगदाण्याएवढा थेंब दिसला. तो रॉडच्या मागून सरकत होता, कडेनं गोठत होता. मी हात थांबवला तर तो थांबला. सर म्हणायचे ते पाणी हेच, इतके दिवस ते तिथंच असणार. मी ढाल बाजूला केली, शेजारच्या फिटरकडं बघितलं आणि परत डोळ्यांसमोर धरली. मी त्या आठवड्यात मित्राला कार्ड टाकलं. तो तोवर उंब्रजला, हमरस्त्यावरच्या ट्रॉल्या बनवायच्या शेडमध्ये लागला होता. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. काम बरं आहे, ये एकदा.

पुढच्या सुट्टीत मी वाटेत उंब्रजला उतरलो. तो ट्रॉलीखाली उताणा पडून वरचा जोड मारत होता, ठिणग्या छातीवर पडत होत्या. मला बघून बाहेर आला, खूप हसला. चहा पिताना मी त्याला त्या थेंबाचं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "लय बारीक असतो व्हय? म्हणून दिसला नसंल, म्या मोठं कायतरी हुडकत असीन." दाखव म्हणाला. आम्ही दोघं एकेक ढाल घेऊन ट्रॉलीखाली शिरलो. मी रॉड चालवला आणि तो माझ्या खांद्याला खांदा लावून बघत राहिला. एक रॉड संपला, दुसरा लावला. दिसला का, मी विचारलं. थांब, म्हणाला. तिसऱ्या रॉडला शेडचा मालक येऊन हे पाहुणे कोण म्हणून विचारू लागला, आणि माझी रहिमतपूरची गाडी निघून गेली. मित्र ढालीआडूनच म्हणाला, "आजून न्हाई दिसला, आणिक एक लाव."