भिंतीला गाल लावणारा माणूस

आमचे हे रंगारी. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण घाई म्हणून कशाची केली नाही. मला होकार द्यायलासुद्धा दीड महिना लावला होता, आता बोला! गल्लीत यांचं नावच 'थांबा' पडलंय. कुणी नवं प्लास्टर करून बोलावलं, की हे जाणार, भिंतीवरून हात फिरवणार, मग तापलेल्या पोराला जवळ घ्यावं तसा तिला गाल लावणार आणि म्हणणार, "थांबा. अजून ओल आहे." गिऱ्हाईक वैतागून दुसरा रंगारी धरायचं. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक पोपडे खरवडून घ्यायला यांच्या दारात हजर. मी म्हणायचे, "आता तरी चार शब्द सुनवा की त्याला!" तर हे मलाच त्याच्यासाठी चहा टाकायला सांगायचे.

यंदा आम्ही मागच्या बाजूला एक खोली वाढवली, लेकीसाठी. तिचं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी आम्ही त्याला फोनवरच बघत होतो. जावई लांब नोकरीला. लेक म्हणाली, "आई, आठ दिवस येते. तुमच्या दोन खोल्यांत बाळाला घेऊन जास्त कुठे राहू?" मला ते फार लागलं. मी ठरवलं, खोली अशी करायची की बघताच तिचा पाय निघता कामा नये. पिवळा रंग हवा होता मला. लहानपणी ती पिवळाच मागायची, आणि आमच्या भिंतींना तेव्हा साधा चुनासुद्धा नव्हता.

प्लास्टर झालं, आठवडाभर पाणी मारून झालं. लेक यायला सहा दिवस उरले आणि यांनी गाल लावून सांगितलं, "थांब. महिना तरी लागेल."

"महिना? ती आठ दिवस राहून जाणार!"

यांनी प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला चिकटवला. सकाळी त्याच्या आत थेंब जमलेले. "बघ," म्हणाले.

"काय बघू? माझं नशीब?"

हे कामावर गेले आणि मी डबा उघडला. इतकी वर्षं रंगाऱ्याशी संसार केला, मला एक भिंत येणार नाही होय? हे पहिला हात ताकासारखा पातळ करून मारतात, भिंतीने तो पिऊन घ्यावा म्हणून. मला वाटायचं, रंग वाचवतात! मी धूळसुद्धा न पुसता जाड रंग तसाच थापला. संध्याकाळी यांनी भिंत बघितली, माझे पिवळे हात बघितले आणि म्हणाले, "रंग छान निवडलास." बस्स, एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर फुगे आले. मी एकाला नख लावलं, तर उशीच्या अभ्र्याएवढा रंग सोलून हातात आला. मी तिथेच फरशीवर बसून रडले. "आता जाईल ती आठ दिवसांत," म्हटलं. हे शेजारी बसले. "भिंत शाबूत आहे गं. वरचं खरवडू आणि सुकू देऊ," म्हणाले, आणि खरवडायला लागले.

लेक आली ती भिंत बघून पोट धरधरून हसली. "आई, तू? रंगाऱ्याची बायको ना तू?" मग बाळ माझ्याकडे देऊन तिने भिंतीला गाल लावला, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसाच. "बाबा, अजून ओल आहे."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपायला लागलो, लेक आणि बाळ पुढच्या खोलीत. आठव्या दिवशी मी तिच्या बॅगेकडे बघायचं टाळत होते, तेवढ्यात ती फोनवर नवऱ्याला म्हणाली, "खोली रंगल्याशिवाय मी काही निघत नाही." मग रोज सकाळी बाळाला कडेवर घेऊन भिंतीला गाल, आणि रोज तेच, ओल आहे. अडचण व्हायची, पाय ठेवायला जागा नव्हती, पण इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते.

महिना उलटला. एका सकाळी बघते तर भिंत सगळी सारखी फिकट झालेली. खरवडल्यावर यांनी परत चिकटवलेलं प्लास्टिक मी काढलं. थेंब नाही, वाफ नाही, कोरडं ठणठणीत. तेवढ्यात बाळाला कडेवर घेऊन लेक आली, मागोमाग हे. तिने गाल लावला, डोळे मिटले.

"बाबा, ओल वाटतेय अजून," ती हळूच म्हणाली.

मी यांच्याकडे बघितलं. या माणसाने भिंतीच्या बाबतीत तीस वर्षांत कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यापायी किती कामं हातची गेली, ते माझं मला माहीत. हे पुढे आले, माझ्या हातातलं कोरडं प्लास्टिक त्यांनी बघितलं आणि भिंतीला गाल लावला. कडेवरच्या बाळाने यांचा कान पकडला.

"हो," हे म्हणाले. "आहे ओल. अजून आठवडाभर थांबावं लागेल."

मी प्लास्टिक मुठीत चुरगळलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेले.