नाल्याकाठचा चाफा

धुळ्यात आमच्या कॉलनीमागून एक नाला वाहतो. त्याच्या काठाने झाडं लावून फिरायला रस्ता केलाय. डॉक्टरांनी मला तिथे रोज पाच फेऱ्या सांगितल्या होत्या. मी एक मारायचो आणि उरलेला वेळ बाकावर बसून नाल्याच्या वासाला नावं ठेवायचो.

मागच्या हिवाळ्यात फिरायला येणाऱ्या मंडळींनी तिथेच भरीत पार्टी ठरवली. भरिताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजायची, हा आमच्याकडचा धर्म. नेमक्या काड्या कमी पडल्या. "मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, काळजी सोडा," म्हणत मी उठलो. शेत सुटून चाळीस वर्षं झाली, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. काठावर कमरेएवढं एक बोडकं खोड उभं होतं, पान म्हणून नाही. ते मोडून आणलं. हाताला पांढरा चीक लागला, तरी अक्कल उघडली नाही.

मी ते जाळात घालणार, तोच भाकरी वाढणाऱ्या अक्का लगबगीने आल्या. सत्तरीच्या बाई, रोज एकट्याच फिरायला येतात. माझ्या हातातून खोड घेत म्हणाल्या, "भाऊ, हाऊ चाफा शे. मरेल नही, निजेल शे."

चाफा हिवाळ्यात पानं गाळून नुसता झोपतो, मेलेला नसतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक नव्हतं. त्यांचे यजमान वारले, त्याच वर्षी त्यांनी तो आपल्या हाताने तिथे लावला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरीत मात्र मी दोनदा वाढून घेतलं.

अक्कांनी ते खोड पुन्हा मातीत रोवलं. चाफा असाही जगतो म्हणे. पाणी घालायचं काम मी मागून घेतलं आणि बाटली घेऊन रोज जाऊ लागलो. खोड दिवसेंदिवस सुकतंय असंच वाटायचं. अक्का समोरून आल्या की मी बुटाची नाडी बांधत बसायचो.

चैत्रात एका सकाळी त्याच्या टोकाला बोटभर हिरवं पान दिसलं. डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगूनही मी कधी भरभर चाललो नव्हतो, त्या दिवशी अक्कांना बोलवायला चक्क पळालो.

अक्कांनी पानाला बोट लावलं. मग पदराने डोळे टिपत विचारलं, "आते याले कोनी तोडी तर नही ना, भाऊ?"

"कोणाची हिंमत आहे, अक्का," मी म्हणालो आणि नाडी बांधायला खाली वाकलो.