जर्मनबाईंची शेवटची रांग

जर्मनबाई वाऱ्याशी भांडायच्या. वाळूचा शमाल वारा सुटला की दोह्यातली शहाणी माणसं खिडक्या लावून घेत, आणि या बाई काळी शाल गुंडाळून कंपनीच्या कॅम्पमागे माळावर जात, वाळूकडे तोंड करून नाटकातली वाक्यं म्हणत. आमच्या मेसचे हसनचाचा पहिल्यांदा घाबरलेच. "अब्बास, तुज्या सायबाच्या बायकोला काय झाला रे? कोनाला हाक मारते?"

"शेवटच्या रांगेला," मी म्हणालो.

ती शेवटची रांग म्हणजे मी. बाईंचे यजमान इंजिनिअर, मी त्यांच्या ऑफिसातला रत्नागिरीकडचा कारकून. जुम्म्याची नमाज आणि मेसमधलं जेवण आटोपलं की बाई मला माळाच्या पार टोकाला उभं करायच्या. आवाज पोचला तर हात खाली, नाही पोचला तर हात वर. मला जर्मनचं अक्षर कळत नसे. "कळायला नको," त्या त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणायच्या, "फक्त ऐकू यायला हवं. आणि माझ्यावर दया करू नका, मिस्टर अब्बास. खोटं कौतुक करायला मला नवरा आहे."

या बाई लहानपणी गायच्या. जर्मनीत त्यांची रेकॉर्ड घरोघरी होती, चॉकलेटच्या डब्यावर दोन वेण्यांचं त्यांचं चित्र होतं. चौदाव्या वर्षी आवाज जाड झाला आणि कौतुक आटलं. मग नाटकात शिरल्या. तिथं मोलकरणीचं काम मिळे, पण मध्यंतरात तेच जुनं गाणं म्हणण्याच्या अटीवर. एका रात्री त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि घरी निघून गेल्या. "लोकांना ती मुलगी हवी असते. मलाही ती आवडायची. पण ती आता नाही, मी आहे." आपल्या गावच्या थिएटरात गाण्याशिवाय उभं राहायचं, एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं. लग्न, वाळवंट, पस्तिशी, कशानंही ते सुटलं नाही.

वाऱ्यात त्यांचा आवाज निम्म्यावर पडायचा. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या गावात लांबच्या माणसाला कसं बोलावतात? आमचं गाव खाडीकाठी. तरीची होडी पलीकडच्या किनाऱ्याला असली की आम्ही इकडून हाक देतो, पोटातून, शेवटचा स्वर सोडून न देता. मी एक हाक मारून दाखवली. ती त्यांनी दोन हिवाळे घोटली.

नाताळात कंपनीच्या क्लबात कार्यक्रम झाला. मॅनेजरनं जाहीर केलं, आता मॅडम त्यांचं प्रसिद्ध गाणं म्हणतील. बाई शाल पांघरून आल्या आणि मुलाची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीचं बोलणं सुरू केलं. पुढच्या खुर्च्यांत कुजबुज, मग टाळ्यांचा ठेका, "साँग, साँग." आम्ही हिंदुस्थानी माणसं मागं दाराशी उभे. बाईंनी सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी हात वर केला.

त्या थांबल्या. श्वास घेतला आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली, खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी. ठेका हळूहळू विरला. मी हात कधी खाली घेतला, मला कळलंच नाही. शेजारी हसनचाचा डोळे पुसत होते. त्यांना तरी कुठं जर्मन येत होतं.

पुढे साहेबांकडून कळलं की बाईंना गावच्या थिएटरात काम मिळालं, म्हातारीचंच, आणि गाणं कुणी मागितलं नाही. मला मनापासून आनंद झाला. मी ते नाटक कधी पाहिलं नाही.

मी पाहिलं ते त्यांचं जाणं. साहेबांचं कंत्राट संपायला अवकाश होता, बाई एकट्याच निघाल्या. विमानतळ म्हणजे तेव्हा धावपट्टी आणि पत्र्याची एक शेड. सगळे रुमाल हलवत होते. शिडीच्या वरच्या पायरीवर बाई वळल्या आणि पोटातून हाक दिली, "अब्बाऽऽस."

"अरे, हात तरी हलव," साहेब मला म्हणाले.

माझा हात उचललाही गेला होता. मी तो खाली ओढला आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. बाईंनी ते पाहिलं, मान हलवली आणि आत गेल्या.