प्लग काढलेल्या फ्रीझरमधला डबा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होते, पण आजही नाहीच म्हणायचं... ही एक गोष्ट सोडून. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवण्यात माझं आयुष्य गेलं. अन्न कशाने नासतं हे मला कुणी शिकवायला नको.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही इंग्लंडमध्ये वॉटफर्डला राहायचो — मी, नवरा सुधीर, आणि गॅरेजमध्ये एक भलामोठा चेस्ट फ्रीझर. त्याची एक्स्टेंडेड वॉरंटी मी हट्टाने घेतली होती, त्यामुळे तो बिघडला तेव्हा मी निर्धास्त. इंजिनियर आला, थर्मोस्टॅट बदलून गेला. काही दिवसांत पुन्हा बंद! दुसरा आला, म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, पार्ट मागवतो, तोवर प्लग काढून ठेवा. पार्ट काही येईना. फोन केला की आधी ते होल्डवरचं संगीत, मग तीच गोड आवाजाची बाई — "इट्स ऑन ऑर्डर, मिसेस पाटील." वर ताकीद अशी, की कंपनीचा इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत आतलं काही हलवायचं नाही, नाहीतर क्लेम बाद. जुलैचा उकाडा, आणि आत मटार, मेथी, कोळंबी. बोला आता.

मला काळजी होती ती एकाच डब्याची. आइस्क्रीमचा रिकामा डबा, आणि त्यात सासूबाईंनी केलेल्या पुरणपोळ्या. हिवाळ्यात आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या, जाताना सुधीरच्या वाढदिवसासाठी करून ठेवून गेल्या. आणि सांगलीला पोचल्यावर थोड्याच दिवसांत ध्यानीमनी नसताना गेल्या.

सुधीरला त्यांचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. सुधीरने हात जोडून सगळं कबूल केलं — बाबांना अंतर देणार नाही, दरवर्षी येत जाईन — पण कावळे आपले झाडावरच. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. बाबांना सांगलीत एकटं सोडून तो परत आला, तो गप्पच झाला. आईच्या त्या पोळ्या वाढदिवसाला खायच्या, एवढं एकच त्याने ठरवलं होतं. वाढदिवस महिन्याभरावर होता, आणि मी वॉरंटी कंपनीच्या भरवशावर बसले होते.

इन्स्पेक्टर आला एका सकाळी. झाकण उघडलं आणि आम्ही दोघं नाक दाबून मागे सरलो. सगळ्याचा चिखल झाला होता. तो बिचारा हातमोजे घालून एकेक पिशवी उचलून बघत होता. तळाचा डबा उचलला आणि थबकला. बोटांनी ठोकून पाहिला. "धिस वन्स सॉलिड, लव्ह," म्हणाला. मी हात लावला. दगड! वर पांढरा बर्फ साचलेला. प्लग भिंतीपासून लांब जमिनीवर पडलेला आम्हाला दोघांनाही दिसत होता. माणूस प्रामाणिक, जे पाहिलं ते त्याने ऑफिसला कळवलं.

दुपारी कंपनीचा फोन. क्लेम नामंजूर! का, तर एक वस्तू गोठलेली सापडली, म्हणजे फ्रीझर चालू आहे.

"बट इट इज नॉट प्लग्ड इन!" मी ओरडले.

"देन हाऊ डू यू एक्स्प्लेन इट, मिसेस पाटील?"

मी काय कपाळ एक्स्प्लेन करणार!

डबा मी किचनच्या खिडकीत उन्हात ठेवला होता. सुधीर हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आला तरी तो तसाच. गरम पाण्यात ठेवला. पाणी गार झालं, डबा जागचा ढिम्म. मायक्रोवेव्हचं नाव काढलं तर सुधीर अंगावर आला. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तिकडे कावळा शिवला नाही आणि इकडे हे. मीनल, आईचं काय राहिलंय गं? मी सगळं कबूल केलं होतं."

काय राहिलंय ते मला माहीत होतं. पोळ्या लाटता लाटता सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "माझ्यामागे ह्यांना एकटं ठेवू नका. सुधीरचं सोड, तो तुझ्या शब्दाबाहेर नाही. तू हो म्हण." मला आमचं छोटं घर दिसलं, माझी नोकरी दिसली, म्हाताऱ्या माणसाचं दिवसभराचं करणं दिसलं. मी म्हटलं, "बघू." आणि हे सुधीरला कधी सांगितलं नाही. तो परत आल्यावर सुद्धा नाही. फार लाज वाटली मला त्या क्षणी, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती.

"सुधीर, बाबांना इकडे आणू या," मी मोठ्याने म्हटलं. "कायमचं. मी सांगतेय." सुधीरकडे बघायचा धीर झाला नाही. बघत होते डब्याकडे.

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. तीच बाई. मॅनेजरला अजून एक्स्प्लनेशन हवं होतं. मी "आय हॅवंट गॉट वन" म्हणून फोन ठेवला आणि आत आले, तर ओट्यावरून पाणी खाली टपटपत होतं. झाकण उघडून सुधीर उभ्या उभ्याच खात होता. लहान मुलासारखा रडत होता. वास घेतला मी, नेहमीच्या सवयीने. वेलदोडा आणि तूप... अगदी ताज्या.

क्लेम मिळाला नाही तो नाहीच. फ्रीझर आम्ही टाकून दिला. बरोबरच्या फिजिक्सवाल्यांना विचारून झालं, सगळे हसले. माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

बाबा आले आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. त्यांच्याशी माझं चांगलं जमलं, कुणालाही विचारा. फक्त घरी कुणी पाहुणे आले की ते कौतुकाने सांगायचे, "पोरगा काय, पोटचा आहे. पण सुनेने मला स्वतःहून बोलावून घेतलं हो..."

आणि मी चहा टाकायला उठायचे.