हळूबाईंची गाडी आणि सतरा इंची चाकं

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेलो. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "क्लच म्हणजे नुकतंच झोपलेलं बाळ समजा. पाय हळू काढायचा. नाहीतर सगळं घर उठेल." दर दोन वाक्यांमागे त्या 'हळू' म्हणायच्या, म्हणून विद्यार्थी त्यांना माघारी हळूबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं मिळून काढलं होतं. रस्त्याला लागून एक खोली, एक छोटी गाडी, आणि त्या गाडीत बाईंच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच. सव्वीस वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्या. नवरा वारल्यावर कारभार धाकट्या दिराच्या नावावर गेला. बाईंनी सह्या केल्या. "तेव्हा कागद वाचायचं भान कुठं होतं," एवढंच त्या एकदा बोलल्या.

दीर हौशी माणूस. चौकापलीकडे चकचकीत गाड्यांचं नवं स्कूल निघालं आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. एका सोमवारी सकाळी मी गेलो तर आमची गाडी ओळखू येईना. चौदा इंची चाकं जाऊन सतरा इंची बसली होती. रिम काळे कुळकुळीत, टायर रुंद, पण इतके चपटे की रिमला रबराची पट्टी गुंडाळल्यासारखे दिसत होते.

"वहिनी, कशी नटलीय बघा!" दीर म्हणाला.

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "दिसते छान. चालवून पाहिलीत का, भाऊजी?"

"चालवायला तुम्ही आहात ना!"

मी चालवली. आधी तर मला ऐट वाटली. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. पूर्वी टायरचं जाड रबर जे झेलायचं, ते आता सरळ कण्यापर्यंत येत होतं. स्टीअरिंग जड झालं होतं. ते पूर्ण वळवलं की पुढचं चाक आतल्या बाजूला घासून खर्रकन आवाज यायचा, आणि मी घाबरून ब्रेक दाबायचो. सगळ्यात वाईट म्हणजे चढ. नेहमीच्या पुलावर मी नेहमीसारखा क्लच सोडला आणि गाडी गचके खाऊन बंद पडली. एकदा नाही, चार वेळा. मागचे हॉर्न वाजवत होते.

त्या दुपारी बाईंनी अडगळीतलं जुनं चाक बाहेर काढलं, टायरवर खडूची खूण केली आणि फरशीवरून ते एक पूर्ण फेरी ढकललं. मग गाडी ढकलत नेऊन नव्या चाकाचंही तसंच मोजलं. मी मोजपट्टीचं टोक धरलं होतं. नवं चाक एका फेरीत जवळजवळ अकरा सेंटिमीटर जास्त पुढे जात होतं. बाई पट्टी हातात घेऊनच दिराच्या टेबलाशी गेल्या.

"भाऊजी, इंजिन तेच आहे. चाक मोठं झालं, जड झालं, मग गाडी जागची हलवायला जोर जास्त लागणार. शिकाऊ माणसाचा पाय आधीच लटपटतो. आणि काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी त्रेपन्ननं पळत असते. मी पोरांना वेग काय शिकवू?"

"तीन किलोमीटरनं काय आभाळ कोसळतं? वहिनी, तुम्ही शिकवायचं बघा. चाकांचं मी बघतो."

खोलीत आम्ही तिघं विद्यार्थी होतो. त्यांतला एक फिस्सकन हसला. बाईंनी पट्टी गुंडाळून खणात ठेवली.

पुढच्या दोन महिन्यांत बाई बदलल्या. कमरेला पट्टा बांधून यायच्या. दिवसाला आठ-नऊ विद्यार्थी, प्रत्येकाचे गचके, प्रत्येक खड्डा. आम्ही तासाभरानं घरी जायचो, त्या तिथंच बसलेल्या असायच्या. गाडी बंद पडली की त्यांचा आवाज चढायचा. मला एकदा म्हणाल्या, "अहो, तिला थोडं जास्त ॲक्सिलरेटर द्या, किती वेळा सांगायचं!" आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

परीक्षेला मी नापास झालो. चढावर थांबवून गाडी पुन्हा पुढे न्यायची होती. ती मागे घसरली, मग बंद पडली. परीक्षकानं माझ्याकडे न बघताच कागदावर रेघ मारली. मुलाला शिकवायच्या वयात आपण असे नापास, याची लाज मला झोंबत होती. ती कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला हवी होती. मी सरळ दिराकडे गेलो.

"बाई थकल्यात हो आता," मी म्हणालो. "चिडतात. धड समजावत नाहीत."

त्यानं मान हलवली. अशा चार तक्रारी त्याच्याकडे आधीच होत्या. माझी पाचवी.

पुढच्या आठवड्यात बाई खोलीतल्या टेबलामागे दिसल्या. "वहिनींना जरा आराम," दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. बाई लोकांचे अर्ज भरून द्यायच्या. त्यांच्या जागी एक नवा शिक्षक आला, पूर्वी मोठे ट्रक चालवलेला. त्यानं आठ दिवस गाडी चालवली आणि नवव्या दिवशी किल्ली टेबलावर टाकली.

"मालक, ही चाकं काढा, नाहीतर मी चाललो. या गाडीवर बापजन्मी कुणी चढ शिकणार नाही."

दुसऱ्या दिवशी जुनी चाकं बसली. "माणूस अनुभवी आहे, लगेच बरोबर ओळखलं," दीर कौतुकानं म्हणाला. तेव्हा बाई समोरच बसून माझा दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरत होत्या. त्यांचं पेन थांबलं नाही.

दुसऱ्या परीक्षेत मी पास झालो. गाडी चढावरून लोण्यासारखी निघाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. मी बाईंकडे गेलो आणि तक्रार मीही केली होती, हे सांगून टाकलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "भाऊजींनी नावं वाचून दाखवली होती."

"माझं चुकलं, बाई."

"तुम्ही खोटं कुठं बोललात? चिडत होतेच मी. का चिडते, एवढं कुणीतरी विचारायचं होतं. मोजपट्टीचं टोक तुम्हीच तर धरलं होतंत."

 मी उगीच विचारलं, "आता जुनी चाकं आलीत, तर पुन्हा शिकवाल ना?"

त्यांच्या मणक्यातली एक चकती सरकली होती. डॉक्टरांनी गाडीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायला मनाई केली होती. हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मग माझा फोटो परवान्याच्या अर्जावर चिकटवला, वर अंगठा दाबून धरला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. शिकवण्याच्या त्यांच्या स्वतःच्या परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. नूतनीकरणाचे कोरे अर्ज त्यांच्याच खणात होते. त्यांनी एकही भरला नाही. आणि दिरानंही भरा म्हटलं नाही.