नीलम मानवला का?

रत्नांच्या दुकानात दगड थोडे आणि किस्से फार. दगड कधी ना कधी विकला जातो. किस्सा मात्र पैसे देऊन कुणी नेत नाही, त्यामुळे तो स्टॉकमध्येच पडून राहतो. माझ्याकडचा सगळा स्टॉक एकाच नीलमाचा आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जिऑलॉजीत बी.एस्सी. झालो, रत्नपरीक्षेचा कोर्स केला आणि कोल्हापूरच्या सराफबाजारात, गुजरीत, अण्णांच्या दुकानात लागलो. अण्णा निपाणीकडचे. मला ते 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. माझी मागणी एकच होती. दगड तापवलेला आहे की नाही, ते प्रत्येक बिलावर लिहायचं! फिका नीलम भट्टीत तापवला की रंग खुलतो. त्यात लबाडी नाही. पण न तापवताच तसा रंग असलेला दगड दुर्मिळ, म्हणून कितीतरी महाग. मग गिऱ्हाइकाला हे कळायला नको?

अण्णांनी तिजोरीतून कागदाची एक पुडी काढली. आत सिलोनचा नीलम होता, न तापवलेला.

"दसऱ्यापर्यंत ह्यो विकून दाखव. शनीचं नाव काढायचं न्हाई, नुसतं खरं बोलायचं. विकलास तर तू म्हणशील तसं बिल लिहितो. न्हाईतर दसऱ्यानंतर दुसरीकडं जाऊन खरं बोल!"

"दसरा कशाला? गणपतीच्या आत विकतो!" मी म्हणालो.

* * *

पहिलं गिऱ्हाईक शिवाजी पेठेतल्या एक मावशी. मुलाला साडेसाती. मी जोरात सुरुवात केली, "मावशी, नीलम म्हणजे मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यात किंचित लोखंड आणि टायटॅनियम, म्हणून तो निळा दिसतो."

मावशींनी नीलम टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"ॲल्युमिनियमची चार पातेली हायत माझ्या घरात. लोखंडाचा तवा बी हाय. मग शनी आत आलाच कसा?"

* * *

नीलमाची किंमत सगळ्यात आधी रंगावर ठरते. फार फिका नको, फार गडदही नको. काळपट झाला की भाव उतरला. आणि हा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या उजेडात न्यायचो.

एका प्राध्यापकांना असंच बाहेर नेलं. माणूस शिकलेला, प्रश्न नेमके. सौदा जमतच आला होता. पण कोल्हापुरात दोन माणसं मान खाली घालून काही बघायला लागली की तिसरा थांबतोच. पाच मिनिटांत सातआठ परीक्षक गोळा झाले.

"खडा बघताय व्हय पावणं? कितीला?"

मी भाव सांगितला. खरं बोलायचं ठरलं होतं ना!

एकजण सायकलवरून न उतरताच वाकला आणि म्हणाला, "आयला! रेशनच्या रॉकेलचा बी ह्योच रंग असतोय की!"

प्राध्यापक हसले. हसत हसतच गेले.

* * *

एकाला ज्योतिष्यानं बरोबर सव्वापाच रत्तीचा नीलम सांगितला होता. आमचा थोडा जास्त भरला.

"वरचं तासून द्या की. मटणवाला बी देतोय!"

मी समजावलं, "दादा, नीलमात दगड मोठा तसा दर वाढतो. कापला तर वजन जाईलच, वर दरही पडेल. किंमत एकदम खाली येईल."

त्यांचे डोळे चमकले. "मग कापाच! मलाच स्वस्त पडतंय की!"

* * *

गडमुडशिंगीचे एक तात्या आले. त्यांचं गुऱ्हाळ होतं. मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि नीलमाच्या पोटातले रेशमासारखे धागे दाखवले. दगड फार तापवला की हे धागे विरतात. इथं ते अखंड आहेत, म्हणजे रंग जन्मजात आहे.

तात्या बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या गुळागत! पावडर मारली की पिवळाधमक, न्हाई मारली की तांबूस."

"अगदी बरोबर!" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इतक्या दिवसांत मुद्दा कळलेला हा पहिला माणूस! "मग बोला तात्या, कुठला देऊ?"

"तापवलेलाच द्या. बिगरपावडरीचा गूळ आम्ही घरात खायला ठेवतो. अंगठी काय खायची हाय व्हय?"

अण्णांनी तिथल्या तिथं त्यांना तापवलेला नीलम विकला. माझंच सगळं भाषण वापरून!

* * *

नीलम मानवतो की नाही हे बघायला तो तीन रात्री उशाखाली ठेवायचा, अशी रीत. ओळखीच्या माणसाला अण्णा दगड तसा देत. दगडाची परीक्षा उशीनं घ्यायची तर मी भिंग कशाला शिकलो? पण अण्णांपुढं माझं चालत नव्हतं.

पेठेतल्या फुटबॉल टीमचे एक कट्टर समर्थक फायनलच्या आधी आमचा नीलम घेऊन गेले. चौथ्या दिवशी पुडी आपटली. "मानवला न्हाई! टीम हरली!"

"अहो, गोलकीपरच्या पायातून बॉल गेला. त्यात दगडाचा काय संबंध?"

"संबंध कसा न्हाई? त्याच्याच उशाखाली ठेवलेला! चोरीला जाईल म्हणून तीन रात्री झोपला न्हाई गडी!"

* * *

गणपती गेले. नवरात्र बसलं. शेवटच्या आठवड्यात तिजोरीत पुडी दिसेना.

"ट्रायलला गेलाय," अण्णा म्हणाले.

"कुणाकडं?"

"हाय एक ओळखीत."

मी जास्त विचारलं नाही. माझी मान आखडली होती, उशीतला कापूस गोळा झाला असावा. आणि दुसरी नोकरी कुठं बघायची, हा विचार डोक्यात होताच.

खंडेनवमीला आम्ही तराजू आणि भिंगं पूजेला मांडली. उद्या दसरा. तेवढ्यात एक गृहस्थ भारी सूट घालून आले आणि बाहेरगावी घेतलेला बोटातला पुष्कराज कौतुकानं पुढं केला. मी बघितला. आत बुडबुडे. "साहेब, ही काच आहे."

गृहस्थ अण्णांकडं रागानं बघत ताडताड पायऱ्या उतरले. त्यांना वाट देत एक बाई वर आल्या. बघतो तर माझी आई! ती दुकानात कधीच येत नसे.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पदराची गाठ सोडली, आतून पुडी काढली आणि अण्णांपुढं ठेवली.

"तीन रात्री ठेवला बघा ह्याच्या उशाखाली. काय बी गुण न्हाई. पोरगं अजून खरंच बोलतंय."

अण्णांनी पुडी उघडली. नीलम पायरीवर नेऊन उजेडात धरला. मग माझ्याकडं बघितलं, तसंच, एक डोळा बारीक करून. पुडी मिटली आणि परत आईच्या हातात दिली.

"अक्का, अजून तीन रात्री बघा की."